नथीबरोबर नाना

मुलुंडच्या जुन्या बिऱ्हाडांतले लग्नाचे फोटो कधी पाहायला मिळाले, तर नवरीच्या आसपास नीट बघा. नवरा कॅमेऱ्याकडे बघतोय, वरमाई बघतेय, भटजींनीसुद्धा पोथीतून मान वर काढलीय. एक उंच, किडकिडीत गृहस्थ मात्र कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, बगलेत मिटलेली छत्री. त्यांची नजर नवरीच्या नाकावर. घरात नवी आलेली सून विचारते, "हे कोण हो? मुलीकडचे की मुलाकडचे?" सासू हसून म्हणते, "ते नथीकडचे."

ते आमचे नाना परचुरे.

मी मुलुंडला आले ती खानदेशातून. वडील आधीच नव्हते. आई गेली तेव्हा मी मराठी पाचवीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. थोरला भाऊ मुलुंडला एका कारखान्यात फिटर होता. त्याने मला आपल्या बिऱ्हाडी आणलं. वहिनी स्वभावाने वाईट नव्हती, पण तिची दोन लहान पोरं, एक खोली, आणि त्यात मी. मला तर सगळ्याचीच भीती वाटायची. वाणी "बोल, काय पायजे, लवकर बोल" म्हणाला की काय आणायला आले तेच विसरायचं. आमच्या भिंतीला भिंत लावून नाना आणि माईंचं कौलारू घर होतं. पुढे ओटा, ओट्याला लाकडी कठडा.

एकदा पाणी भरून येताना मी त्या ओट्याच्या पायरीवर बसले आणि रडू लागले. रडायचं ठरवलं नव्हतं, हंडा खाली ठेवला आणि आपोआप आलं. नाना कचेरीतून येत होते. त्यांनी छत्री कठड्याला टांगली आणि माझ्यापासून दोन हातांवर, पायरीवरच बसले.

"काय झालं गं?"

"काही नाही. भीती वाटते."

"कशाची?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, त्यात काय भ्यायचं. मी हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

"एकेक सांग. घाई नाही."

मग मी सांगितलं. स्टोव्ह भडकेल. चोर येईल. दादा कारखान्यातून परत येणार नाही. वहिनी मला परत पाठवून देईल आणि परत जायला तर घरच नाही.

नाना फोर्टात आगीच्या आणि चोरीच्या विम्याच्या कंपनीत हेडक्लार्क होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या भीतीची अगदी कचेरीतल्यासारखी वासलात लावली. "स्टोव्ह. याचा विमा उतरतो. चोर. उतरतो. दादा... उतरतो, पण आमच्याकडे नाही, दुसऱ्या कंपनीत. वहिनी परत पाठवेल, याचा मात्र नाही उतरत."

"मग?"

"मग काय! ज्याचा विमा उतरतो त्याची भीती आपण बाळगायची नाही, ती कंपनीने बाळगायची. ज्याचा उतरत नाही त्याला रोज थोडा वेळ द्यायचा. जा, वहिनीचा धाकटा किरकिरतोय, त्याला घे कडेवर."

मी गेले. घेतला. त्या दिवसापासून माझी भीती संपली असं मुळीच नाही, पण ती दोन ढिगांत पडली, आणि एक ढीग कंपनीकडे गेला. एवढंच माझ्यासाठी पुष्कळ होतं.

नानांबरोबर कुणाच्या घरी जाणं हा एक प्रकारच असायचा. बाकीची माणसं पाहुणी गेली की पोह्यांकडे बघतात. नाना पडद्याकडे बघायचे. पडदा आणि समई यांत किती अंतर आहे ते. गणपतीला आरास बघायला गेले तर सगळे "वा वा" म्हणत असताना हे शांतपणे म्हणायचे, "मखर सुरेख झालंय. पहिलं तेच पेटेल." बायका कानांवर हात ठेवायच्या. "अहो नाना, शुभ बोला!" नाना म्हणायचे, "मी शुभच बोलतोय. निरांजन इकडे सरकवा, म्हणजे झालं."

त्या काळात विमा म्हणजे अपशकुन असंच लोकांना वाटे. चोरीचं नाव काढलं की चोर येतो. त्यातून बायकांना आपल्याजवळ काय आहे हे सांगायचं म्हणजे जिवावरचं काम. सोनं किती ते सून सासूसमोर सांगत नाही, आणि सासू सुनेसमोर तर मुळीच नाही. नानांना हे पक्कं ठाऊक होतं. कुणाच्या घरच्या चीजवस्तूंचा विमा उतरवायचा असला की ते स्वतः ओट्यावर बसत आणि घरातल्या बायकांना एकेकीला बाहेर बोलावत. आत गेल्यावर मात्र चहा पिताना दोघींशी हवापाण्याच्या गप्पा. कुणाकडे काय आहे याचा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी, माईंपाशीसुद्धा, निघाला नाही. माई चिडायच्या. "मला सांगा ना, त्या जोश्यांकडे खरंच ठुशी आहे?" नाना म्हणायचे, "आज हवा काय छान सुटलीय."

समोरच्या बिऱ्हाडातला बंडू मराठे त्यांची थट्टा केल्याशिवाय राहायचा नाही.

"नाना, आमच्या सासूबाईंचा विमा उतरवता का?"

"चोरीचा की आगीचा?"

"चोरी कोण करणार हो!"

"मग आगीचाच उतरवू. पण तू घरात असताना कंपनी घेणार नाही. जोखीम फार."

नानांच्या स्वतःच्या घरात मौल्यवान अशी एकच वस्तू होती, आणि ती त्यांची नव्हती. माईंच्या आईची मोत्यांची नथ. मध्ये माणिक, भोवती टपोरे मोती, खाली पाचूचा एक थेंब. माईंचं माहेर कोकणात. त्या लग्नाच्या वयाच्या असताना शेजारच्या गावी एका लग्नाला गेल्या होत्या, आईने हौसेने आपली नथ घालून पाठवलं होतं. त्याच दुपारी मागे घराला आग लागली. माणसं वाचली, पण घर, भांडी, लुगडी, दागिने, देव्हारा, सगळं गेलं. ती नथ तेवढी राहिली, कारण ती माईंच्या नाकात होती.

यातून नवरा-बायकोंनी दोन वेगळे धडे घेतले होते. नाना म्हणायचे, चीजवस्तूचा विमा हवा आणि ती पेटीत हवी. माई म्हणायच्या, "पेटीत असती तर गेली असती. अंगावर होती म्हणून राहिली." त्यांना मूलबाळ नव्हतं. नथ घालायला लेक नाही, सून नाही. म्हणून जी कुणी मागेल तिला माई ती नथ लग्नापुरती देत. पोरीचं नाक कोणतं, घर कोणतं, काही बघत नसत.

नानांनी घरच्या वस्तूंचा विमा उतरवला तेव्हा कुरबूर सुरू झाली. विमा घरातल्या वस्तूंचा. नथ बाहेर गेली की विम्याबाहेर गेली. नानांनी आपल्या पारशी साहेबांना सांगून खास एक अट घालून घेतली: घराबाहेर असताना दागिना विमेदाराच्या नजरेसमोर असेल तरच भरपाई मिळेल. साहेब म्हणे हसले होते, "नाना, दागिना कोण घेऊन फिरणार हाय तुमचा?" नानांना वाटलं, आता तरी माई नथ बाहेर देणार नाहीत.

आठ-पंधरा दिवसांत मागच्या चाळीतल्या सावंतकाकू आल्या. त्या मालवणकडच्या, घरधनी पूर्वी गिरणीत होते, आता इथे एका गोदामावर. थोरली लेक शालू, तिचं लग्न ठरलं होतं.

"माई, माझ्या चेडवाक नथ होई. एका दिसापुरती."

"घेऊन जा की!" माई आतून म्हणाल्या.

नाना ओट्यावरून उठले. "अगं, अट आहे. नजरेसमोर हवी."

"मग ठेवा नजरेसमोर," माई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी नको म्हटलंय? जा लग्नाला."

झालं. नाना रजा टाकून शालूच्या लग्नाला गेले. नथ माईंनी आपल्या दारातच स्वतःच्या हाताने शालूच्या नाकात घातली आणि त्या क्षणापासून नाना नवरीच्या समोर. गौरीहराची पूजा झाली, मुहूर्त झाला, पंगती उठल्या, नाना तिथेच. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, "काका, जरा बाजूला." नाना म्हणाले, "बाजूला होता येत नाही. अट आहे."

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. वऱ्हाड घाटकोपरला निघालं. लक्ष्मीपूजन तिकडे, आणि ते होईपर्यंत नथ उतरवायची नाही म्हणून नवऱ्याची आत्या हटून बसली. नाना मुकाट्याने वऱ्हाडाच्या लॉरीत चढले. घाटकोपरला पोचल्यावर नवऱ्याची आई ओवाळायला दारात आली. मुलीबरोबर पाठराखीण म्हणून कुणीतरी बाई येणार हे तिला माहीत होतं. शालूच्या मागे छत्री घेतलेले नाना बघून तिने विचारलं, "अहो, आमच्याकडे पाठराखीण बाई असते. हे कोण?"

शालूच दिवसभरात पहिल्यांदा हसली म्हणे.

पण पुढचं लोकांनी ध्यानात ठेवलं. ताट वाढायला घेतल्यावर नाना त्या बाईंना हळूच म्हणाले, "आधी हिला कपभर दूध द्या. सकाळपासून पोटात काही नाही. पंगतीत नाव घ्यायला लावलंत, पण घास एकही गेला नाही. आणि उजव्या पायाला जोडवं रुततंय, लंगडतेय ती." सासूबाई बघत राहिल्या. त्यांना काय, शालूच्या आईलासुद्धा हे दिसलं नव्हतं. लग्नघरात नवरी म्हणजे भरजरी लुगडं आणि दागिने. पोरगी कुणाला दिसते? दिवसभर नथीकडे बघणाऱ्या माणसाला नथीच्या वरचे दोन डोळे दिसणारच.

तिथून सुरुवात झाली. लग्नसराई आली की नानांची रजा ठरलेली. मुलुंड, भांडुप, एकदा पार अंधेरी. नथ मागायला येणाऱ्या आया आता नानांनाही तितक्याच अगत्याने आमंत्रण देत. नाना तोंडाने कुरकुरत, "काय हा त्रास! परवा पुन्हा मुहूर्त आहे," पण आदल्या संध्याकाळी कोट माईंच्या मागे लागून इस्त्री करून घेत. कोणत्या नवरीने काय खाल्लं, कुणाला ताप होता, कुणाच्या सासऱ्याचा स्वभाव बरा दिसला, हे सगळं घरी येऊन माईंना सांगत. दागिन्यांविषयी तोंड न उघडणारा हा माणूस पोरींविषयी मात्र भरभरून बोलायचा.

माई कधीच बरोबर जात नसत. घरच्या बाकी वस्तू विम्यात होत्या, घर एकटं सोडायचं नाही अशी नानांची शिस्त. "नथ तुम्ही सांभाळा, मी चांदीच्या वाट्या सांभाळते," माई म्हणायच्या. दारात उभ्या राहून निरोप द्यायच्या आणि दारातच वाट बघायच्या.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी. मला पसंत होता. पसंत होता म्हणून जास्तच भीती. आईचा एकुलता भाऊ, माझा मामा, खानदेशातून यायचा होता. माई मला बोलवून म्हणाल्या, "नथ तुलाच गं. विचारतेस काय?" माझं नाक टोचलेलं होतं, पण आई गेल्यावर त्यात काही घातलं गेलं नाही, भोक बुजलं. माईंनी सोनाराकडून नथीला दाबून बसणारी कडी लावून आणली.

मांडव आमच्या आणि नानांच्या घरांसमोरच घातला होता. नाना सकाळपासून माझ्यापुढे पाटावर. मधेच म्हणाले, "इंदू, लिंबाचं सरबत घे थोडं. ओठ सुकलेत." मुहूर्त जवळ आला. मामा आला नव्हता. दादा दोनदा स्टेशनवर जाऊन आला. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

कुणी हललं नाही. भटजी पुन्हा म्हणाले, "मामा कुठायत मामा?" मुलाकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण अगदी ऐकू येईल असं बोलली, "मामासुद्धा नाही का हो हिला?" मी खाली बघत होते. दादाचे पाय मला दिसत होते, तो जागच्या जागी चुळबुळत होता.

नाना उठले. छत्री त्यांनी दादाच्या हातात दिली. खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी आणतो. दागिना माझ्या जबाबदारीवर आहे. तो जिथं जाईल तिथं मला जाणं भाग आहे."

लोक हसले. ते हसू माझ्यावर नव्हतं, म्हणून मला उठता आलं. नानांनी माझा दंड धरून मला बोहल्यापर्यंत नेलं. अंतरपाट धरला गेला. आता मामाची जागा कुठे असते ते सगळ्यांना माहीत आहे. मामा भाचीच्या पाठीशी उभा राहतो. नाना माझ्या मागे जाऊन उभे राहिले. खांद्यावर त्यांचा हात आला. हात हलकाच होता, पण होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिथेच होता, आणि मी पडले नाही.

अंतरपाट दूर झाला, वाजंत्री, अक्षता, हार, भोवती ही गर्दी. थोड्या वेळाने वहिनी माझ्याकडे बघून एकदम ओरडली, "इंदू, नथ?"

नाकात नथ नव्हती.

मांडव थांबला. सतरंज्या झटकल्या. बायकांनी खालच्या अक्षता न् अक्षता गोळा करून सुपात घेऊन पाखडल्या. हार सोडून बघितले. माझ्या लुगड्याच्या निऱ्या, नवऱ्याच्या उपरण्याच्या घड्या. बंडू मराठे, तो थट्टेखोर, मांडवाबाहेर गुडघ्यांवर बसून माती चाळत होता. नथ मिळाली नाही. कुठेच मिळाली नाही. मुलाकडचा कुणी म्हातारा म्हणाला, "विम्याची होती म्हणे. मग काय चिंता? ह्यांची कंपनी, हेच कारकून. बसल्या जागी पैसे." काहीजण हसले. नानांनी ऐकलं. वळले नाहीत.

माई दारात उभ्या होत्या. त्यांचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला आणि खाली आला. मी तशीच उठून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माई म्हणाल्या, "उठ. लग्न लागलंय तुझं. आज रडू नकोस," आणि आत गेल्या.

सासरी निघताना नाना जवळ आले. "इंदू, ऐक. नथ तुझ्या नाकात होती, एवढंच. जबाबदारी माझी होती. तू नुसती जागा होतीस. कळलं? याचा एक अंशही तू बरोबर न्यायचा नाहीस."

मी मान हलवली. नेलाच, अर्थात. पण ते म्हणाले नसते तर सगळाच्या सगळा नेला असता.

काही दिवसांनी नानांचे पारशी साहेब बोरिवलीला आमच्या घरी चौकशीला आले. रीतच होती तशी. दागिना ज्याच्या अंगावरून गेला त्याला विचारायचं. बरोबर नाना. साहेब गोरेपान, वयस्कर, प्रेमळ. सासूबाई, सासरे, हे, सगळे खोलीत. मी दाराशी उभी. नव्या घरात माझ्यामुळे साहेबलोक चौकशीला आलेले.

"घाबरायचा नाय, बेटी," साहेब म्हणाले. "एकच सवाल. नथ गेली तवा नाना सामनेच होते ना? तुझ्याकडे बघत?"

मला सगळं समजलं. मी हो म्हटलं की भरपाई मिळणार. माईंना तशी नाही तरी दुसरी नथ करता येईल. त्या म्हाताऱ्या साहेबांनाही तेच हवं होतं, ते कागदावर टाक टेकवूनच बसले होते. मी म्हटलं, "हो. नाना माझ्याकडेच बघत होते."

"बस, झाला!" साहेब म्हणाले.

"मागून," नाना म्हणाले.

"काय मागून?"

"मी मागे उभा होतो, साहेब. मुलीचा मामा मागेच उभा राहतो. मागून नाक दिसत नाही."

साहेबांना ही आपल्यातली पद्धत ठाऊक नव्हती. नानांनी सांगितलं नसतं तर कधी ठाऊक झालीही नसती. त्यांनी टाक खाली ठेवला. "अरे नाना, पण तुमी मामा कुठे? तुमी तो हिचे शेजारी."

"त्या वेळी होतो."

"बरं. मागे तर मागे. गर्दनवरून, बाजूने, थोडा तरी बघितला असेल की! याद करा जरा."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. साहेब त्यांना वाट काढून देत होते आणि ती वाट बंद करताना नानांना त्यांचंही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं.

"डोळे मिटलेले होते माझे," ते म्हणाले. "हिच्या खांद्यावर हात होता. मंगलाष्टकं चालली होती, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या सासूबाई सगळं ऐकत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि नानांना म्हणाल्या, "व्याही, चहा घेऊन जायचं हं." त्या दिवसापासून या घरात मला मामा नाही असं कुणी म्हणालं नाही.

भरपाई मिळाली नाही. माई नानांना त्यावरून काही बोलल्या नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खरं बोलले, ते बरोबरच. त्यात काय बोलायचं? पण ते माझं माहेर होतं गं." नवरा-बायको एकमेकांशी बोलत, पण कामापुरतं. पुढच्या वर्षीची लग्नसराई आली. नथ नाही, म्हणून मागायला कुणी येईना. मला दिवस गेल्यावर मी वहिनीकडे राहायला आले होते, तेव्हा बघायची. कुठेतरी वाजंत्री वाजायला लागली की नाना ओट्यावरून उठून आत जायचे. कोट खुंटीला तसाच. ऑफिसातली शिल्लक रजा तशीच. मी म्हटलं, "नाना, भीती वाटते का कशाची?" ते म्हणाले, "नाही गं. काम संपलंय, एवढंच."

एका सकाळी सावंतकाकू आल्या. धाकट्या कुंदाचं लग्न ठरलं होतं, मुलगा कांदिवलीचा. त्या ओट्यासमोर उभ्या राहून बोलल्या, "नाना, रविवारी लगीन. येवचा."

नाना गडबडले. "सावंतबाई, तुम्हाला ठाऊक आहे. नथ आता नाही."

"नथ कोण मागता? चेडवाचो मामा बोटीर आसा, तो काय येवचो नाय. माका मामा होयो."

"पण मी कशाला? माझं तिथे काय काम?"

"ता काय माका विचारतास?" सावंतकाकूंचा आवाज चढला. "शालू म्हणता, नाना नाय तर मी येवचंय नाय. कुंदा म्हणता, नाना नाय तर मी बोहल्यार उभी ऱ्हवचंय नाय. आता दोघींक तुमीच काय ता सांगा!"

नाना कठडा धरून उभे. तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला. कामापुरता नव्हता तो आवाज.

"जा ना हो. आणि या खेपेला मीही येतेय."

"आणि घर?"

"घराला काय झालंय? राहील एक दिवस एकटं."

रविवारी मी माईंच्या शेजारी बसले होते. त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. नानांबरोबर कुणाच्या लग्नाला येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. भटजींनी हाक दिली आणि नाना कुंदाला घेऊन आले, तिच्या पाठीशी उभे राहिले. आता नजर कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. वर मांडवाकडे बघितलं, भटजींकडे बघितलं, मग माईंकडे. माई हातातल्या अक्षता टाकायच्या विसरल्या. मी कोपराने ढोसलं तेव्हा टाकल्या.

दुपार कलल्यावर मी वहिनीच्या दारात उभी होते. ती दोघं रस्त्याने घरी येताना दिसली. नाना पुढे, माई दोन पावलं मागे, अशी नेहमीची चाल. पण आज नाना थांबून थांबून चालत होते, त्यामुळे दोघं बरोबरच येत होती. कोपऱ्यावर आल्यावर नाना मधेच उभे राहिले.

"निघताना कुलूप लावलंस ना?"

"लावलं."

"ओढून पाहिलंस?"

माई थांबल्या. आठवून बघितलं. "नाही बाई."

घर समोर दिसत होतं, वीस-पंचवीस पावलांवर. नाना धावत जातील असं मला वाटलं. ते तिथेच उभे राहिले, माईंच्या डोक्यावरचा अक्षतेचा एक दाणा त्यांनी बोटाने काढला, आणि म्हणाले, "असू दे."

आणि त्याच चालीने चालू लागले.